कल्क्रीझ येथील शिशाचे गोफणगुंडे

प्रस्तुत लेखाचा विषय शिशाचे तीन लहान तुकडे हा आहे. इ. स. १९८८ च्या उन्हाळ्यांत उत्तर जर्मनींतील ओस्नाब्रुक शहराच्या उत्तरेस, कल्क्रीझ नांवाच्या टेकडीच्या परिसरांत, टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यास ते धातुशोधक यंत्राच्या साह्यानें सांपडले. भंगार विकत घेणाऱ्यानें त्यांचे चार आणेही दिले नसते. तथापि ते काय आहेत हें ओळखलें जातांच, एका हस्तलिखितांतील एका शब्दावरून पावणेपांचशें वर्षें चाललेल्या वादाचें स्वरूप पालटलें. तो शब्द त्या ग्रंथांत एकदांच येतो, आणि ग्रंथाच्या त्या भागाचें हस्तलिखितही जगांत एकच उरलें आहे. ज्यांचा जन्म दप्तरें सोडण्या-बांधण्यांत गेला अशा वाचकांस ही हकीकत म्हणूनच सांगावीशी वाटते. शिवाय वस्तूची ओळख कोठपर्यंत नेतां येते व कोठें थांबावें लागतें, हें दाखविणारें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

प्रथम हस्तलिखिताकडे वळूं. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या 'अ‍ॅनल्स' या ग्रंथाचे आरंभींचे सहा भाग, जेवढे उरले आहेत तेवढे, नवव्या शतकांतील एकाच प्रतीच्या आधारें आज उपलब्ध आहेत. ही प्रत वेझर नदीकांठच्या कोर्वाय मठांत होती. तेथून ती इ. स. १५०८ च्या सुमारास, मठाच्या संमतीवांचून, रोमला पोंचली व कार्डिनल जोव्हानी दे मेदिची याच्या हातीं पडली. हा गृहस्थ १५१३ सालीं दहावा लिओ या नांवानें पोप झाला. १५१५ सालीं त्यानें ग्रंथ छापविला आणि मूळ प्रतीऐवजीं कोर्वायच्या मठाला छापील प्रत बांधून पाठविली. सोबत पापक्षालनाचा अधिकारही दिला. मूळ पोथी ठेवून घेऊन तिच्या बदल्यांत छापील पुस्तक व आशीर्वाद देणारे संग्राहक आपल्याकडेही पाहण्यांत आहेत. मात्र पापक्षालनाची सोय त्यांच्यापाशीं नसते. ती मूळ प्रत आतां फ्लॉरेन्स येथील लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहे.

या प्रतीमुळें विद्वानांस एक स्थलनाम कळलें. इ. स. ९ मध्यें ऑगस्टस बादशहाचा सरदार क्विंक्टिलिउस वारुस हा १७, १८ व १९ या क्रमांकांच्या तीन लीजन, म्हणजे रोमन पायदळाच्या तीन मोठ्या पलटणी, आणि त्यांच्या जोडीचें साहाय्यक सैन्य घेऊन जर्मनींत असतां, चेरुस्की जमातीचा नायक आर्मिनिउस यानें त्याला आडरानांत गांठून सर्व फौज बुडविली. आर्मिनिउस हा रोमन नागरिकत्व मिळालेला, रोमन सैन्यांत चाकरी केलेला माणूस होता. वारुसचा त्याजवर विश्वास होता. त्या तीन पलटणींचे क्रमांक रोमनांनीं पुन्हां कधीं वापरले नाहींत. ही हकीकत इतर ग्रंथकारांकडूनही कळते. परंतु स्थळाचें नांव टॅसिटस एकटाच देतो, तेंही सहा वर्षांनंतरच्या प्रसंगाच्या ओघांत. इ. स. १५ मध्यें जर्मानिकुस हा सेनापति एम्स व लिप्पे या नद्यांच्या मधला मुलूख उजाड करीत गेला, तेथून 'तेउतोबुर्गिएन्सिस साल्तुस' दूर नव्हता, आणि वारुसच्या सैनिकांच्या अस्थि तेथें अद्याप पुरल्याविना पडल्या होत्या, असें तो लिहितो. यांतील 'साल्तुस' शब्दाचा अर्थ रान असाही होतो आणि खिंड असाही होतो. पुढील विद्वानांनीं बहुधा रान हाच अर्थ घेतला.

मग रान शोधणें आलें. सतराव्या शतकांत ओस्निंग नांवाच्या डोंगररांगेस विद्वानांनीं टॅसिटसचें नांव लावलें, व कालांतरानें तेंच रूढ झालें. त्याच रांगेंत डेटमोल्डजवळ आर्मिनिउसचा प्रचंड पुतळा १८३८ सालीं हातीं घेण्यांत आला व १८७५ सालीं पुरा झाला. आधीं ग्रंथावरून डोंगराला नांव दिलें, नंतर नांवावरून पुतळा उभारला, आणि अखेर पुतळा आहे त्या अर्थीं लढाई येथेंच झाली असावी अशी लोकांची समजूत झाली. नाशिकच्या बौद्ध लेण्यांस पांडवलेणीं म्हणणाऱ्या आपल्या लोकांनीं याला हंसण्याचें कारण नाहीं. युद्धस्थळाविषयीं जर्मनींत शेंकडों मतें प्रसिद्ध झालीं. ज्याच्या त्याच्या गांवाजवळ वारुस मेला.

या गर्दींत थिओडोर मॉमसेन या थोर इतिहासकाराचें मत वेगळें पडतें, कारण तें वस्तूंवर उभारलेलें होतें. कल्क्रीझजवळ बारेनाउ येथें एका जमीनदार घराण्याचा वाडा आहे. त्यांच्या शेतांत व भोंवतालच्या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या रोमन नाणीं सांपडत व तीं वाड्यांत जमा होत. मॉमसेननें त्या नाण्यांची तपासणी करविली. तींत ऑगस्टसच्या काळापर्यंतचीं सोन्याचांदीचीं नाणीं पुष्कळ निघालीं. इ. स. १८८५ सालीं त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, वारुसचा नाश याच भागांत झाला. हा निष्कर्ष मान्य झाला नाहीं, आणि मला वाटतें, त्या वेळच्या पुराव्यावर तो मान्य न होणेंच योग्य होतें. नाणें केव्हां पाडलें हें नाणें सांगतें. शेवटीं तें कोणाच्या कमरेला होतें, हें सांगत नाहीं. व्यापारी नाणें नेतो, लुटारू नेतो, भिऊन पळणारा गृहस्थ पुरून ठेवतो. सैन्य तेथें होतें, तर सैन्याचें सामान कोठें आहे, असा प्रतिपक्षाचा सवाल होता, आणि मॉमसेनपाशीं त्याला उत्तर नव्हतें.

तें उत्तर यावयास शंभर वर्षें लागलीं. क्लन हा ओस्नाब्रुक येथील ब्रिटिश छावणींत नोकरीस होता. जुन्या नाण्यांच्या शोधाचा त्याला छंद होता. छांदिष्ट मंडळी यंत्र घेऊन रात्रीं-बेरात्रीं परक्याच्या शेतांत शिरतात तसें न करतां, तो प्रथम तेथील पुराणवस्तु-अधिकारी वोल्फगांग श्लूटर यांच्याकडे गेला. मॉमसेनचें मत व पूर्वीं मिळालेल्या नाण्यांच्या नोंदी पाहून कल्क्रीझचा भाग ठरला. जुलै १९८७ मध्यें क्लनला एका शेतांत रोमन रौप्य नाणीं लागलीं. ओस्नाब्रुकच्या संशोधकांनीं तेथें पुढील शोध घेतल्यावर त्यांची संख्या दीडशेंच्या वर गेली. एकही नाणें ऑगस्टसच्या नंतरचें नव्हतें. प्रत्येक वस्तु कोठें मिळाली, याची नोंद नकाशावर केली जात होती. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पुढील सर्व इमारत तिच्यावर उभी आहे.

यंत्राचें काम थोडक्यांत असें. तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली म्हणजे त्याच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. जमिनींत धातु असल्यास तिच्यांत त्या क्षेत्रामुळें वीज खेळूं लागते, व तें कळून यंत्र आवाज करतें. येथें धातु आहे, एवढेंच यंत्र बोलतें. तो नांगराचा फाळ आहे कीं भाल्याचें फळ, हें माणसानें ओळखावयाचें.

नाण्यांमुळें मॉमसेनच्याच पायरीवर क्लन उभा राहिला होता. पुढील पायरी त्या तीन तुकड्यांनीं दिली. त्यांची ओळख कशी पटते, हें जरा विस्तारानें पाहण्यासारखें आहे. शिशाचा तुकडा शेतांत सांपडला तर पहिला संशय बंदुकीच्या गोळीचा येतो, कारण युरोपांतील शेतांत सतराव्या शतकापासूनच्या गोळ्या विपुल मिळतात. परंतु बंदुकीची जुनी गोळी वाटोळी असते, आणि पुष्कळदां तिच्यावर सांच्याच्या दोन अर्धांची शिवण व ओतनळी कापल्याची खूण दिसते. दुसरा संशय कोळ्याच्या जाळ्याच्या वजनाचा किंवा गवंड्याच्या ओळंब्याचा. पण त्यांस दोरी ओंवण्यास भोंक अथवा खांच लागते. तिसरा संशय आगींत वितळून गळलेल्या शिशाचा. त्याला नियमित आकार नसतो. दोन्ही टोंकांस निमुळता व मधें फुगीर, खारकेसारखा किंवा सोललेल्या बदामासारखा, भरीव आणि मुठींत सहज मावणारा असा तुकडा असेल, तर तो रोमन गोफणीचा गुंडा होय. लॅटिनमध्यें त्याला 'ग्लान्स', म्हणजे ओकच्या झाडाचें फळ, असें म्हणत.

गोफण म्हणजे काय, हें मराठी वाचकास सांगावयास नको. जोंधळा निसवला म्हणजे माळ्यावर उभा राहून पांखरें हांकणारा राखणदार दगडाची निवड कशी करतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला शिशाचें मर्म चटकन्‌ समजेल. राखणदार चपटा दगड टाकून देतो व वाटोळा, वजनदार असा घेतो, कारण तो सरळ जातो. शिसें दगडापेक्षां चौपट जड. म्हणून त्याच वजनाचा गुंडा पुष्कळ लहान होतो, वारा त्याला कमी अडवितो, आणि येतांना तो दिसत नाहीं. शिवाय सांच्यांतून काढलेले सर्व गुंडे सारख्या वजनाचे असल्यामुळें हात एकदां बसला कीं नेम बदलावा लागत नाहीं. घाईच्या वेळीं ओल्या वाळूंत अंगठ्यानें खळगे पाडून त्यांत शिसें ओतल्याचेंही हॉलंडांतील वेल्सेन येथील रोमन ठाण्यांत आढळलें आहे. तें शिसें निवण्याचीही वाट कोणी पाहिली नसेल.

असा गुंडा व्यापाऱ्याच्या गांठोड्यांत असण्याचें कारण नाहीं. जर्मन जमातींत शिशाच्या गुंड्यांची चाल नव्हती. म्हणून तो मिळाला, तेथें रोमन सैन्य होतें, एवढें ठामपणें म्हणतां येतें. आणि शंभर वर्षांपूर्वीं मॉमसेनला विचारलेल्या सवालाचें उत्तर एवढेंच होतें. श्लूटर यांनीं तें जाणलें, व १९८९ सालीं कल्क्रीझ येथें पद्धतशीर उत्खनन सुरू झालें.

तथापि या तुकड्यांनीं काय सांगितलें नाहीं, तेंही तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. ग्रीक काळापासून रोमन बादशाहींत बराच काळपर्यंत असे गुंडे वापरांत होते. त्यांच्या केवळ आकारावरून साल ठरत नाहीं, सेनापतीचें नांव तर मुळींच कळत नाहीं. वस्तु कोणत्या जातीची, ती कोणत्या सैन्याची, तें सैन्य कोणत्या काळचें, आणि प्रसंग कोणता, असे हे चार वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंचीं उत्तरें गुंड्यांनीं दिलीं. उरलेल्या दोहोंसाठीं दुसरे साक्षीदार पाहिजेत. हौशी संग्राहक पहिल्या प्रश्नावरून एकदम चौथ्यावर उडी मारतो, आणि मग त्याच्या कपाटांतील प्रत्येक तरवार कोणा तरी प्रसिद्ध सरदाराची ठरते.

साक्षीदार पुष्कळ निघाले. मध्ययुगापासून तेथील शेतकरी गवताळ मातीचीं ढेंकळें शेणखतांत मुरवून शेतांवर पसरीत आले होते. त्यामुळें जुनी जमीन कोठें कोठें हात-दोन हात खालीं दबून नांगरापासून बचावली. त्या थरांतून लोखंडी व कांशाच्या हजारों वस्तू निघाल्या. घोडेस्वाराचा लोखंडी मुखवटा मिळाला. त्याच्यावर चांदीचा पत्रा होता, तो कोणी तरी उचकटून नेलेला. चिलखताच्या एका आंकड्यावर मार्कस आयुस हा शिपाई व फाब्रिकिउस हा त्याचा शतकाधिपति यांचीं नांवें कोरलेलीं निघालीं. एका खेचराचा सांगाडा सांपडला. त्याच्या गळ्यांतील घांट वाजूं नये म्हणून तींत गवतकाडी कोंबलेली होती. टेकडी एका बाजूस आणि मोठी दलदल दुसऱ्या बाजूस, मधें अरुंद वाट, अशी जागा आहे. त्या वाटेनें आवाज न करतां निघून जाण्याचा कोणी तरी प्रयत्न केला होता. टॅसिटसच्या 'साल्तुस'चा खिंड हा अर्थ येथें नजरेसमोर उभा राहतो. आठ खड्ड्यांत माणसांचीं व जनावरांचीं हाडें एकत्र मिळालीं, आणि पुरण्यापूर्वीं तीं कांहीं वर्षें उघड्यावर पडलीं होतीं असें तज्ज्ञांस आढळलें.

काळाविषयीं मुख्य साक्ष नाण्यांचीच आहे. पण या वेळीं तांब्याच्या हलक्या नाण्यांची. तीं शिपायाच्या रोजच्या खर्चाचीं. कांहींवर वारुसच्या नांवाचीं 'व्हार' हीं अक्षरें मागाहून ठोकलेलीं आहेत. वारुस जर्मनींत इ. स. ७ मध्यें आला व ९ मध्यें मेला. म्हणजे तीं नाणीं या अवधींत वांटलीं गेलीं. याहून महत्त्वाची गोष्ट, जें नाणें तेथें नाहीं ती आहे. ल्यों येथील टांकसाळींतून इ. स. १० ते १४ या काळांत तांब्याच्या नाण्यांची नवी मालिका निघाली व ऱ्हाइनकांठच्या सैन्यांत तिचा प्रसार झाला. कल्क्रीझच्या नाण्यांत ती मिळत नाहीं. अभावाचा पुरावा आपण पत्रव्यवहारांतही जपून वापरतों, तसाच तो येथेंही जपून वापरला पाहिजे. परंतु जेथें नाणीं एवढीं विपुल आहेत, तेथें त्याला वजन आहे.

प्रतिपक्षानें यावरही हरकत घेतली, आणि ती पोरकट नाहीं. जर्मानिकुसचें सैन्य इ. स. १५ मध्यें याच बाजूस आलें होतें व जर्मनांशीं लढलें होतें. शिपाई जुनीं नाणीं जवळ बाळगतो. जर्मनींतील ज्या रोमन छावण्यांच्या नाण्यांशीं कल्क्रीझची तुलना करतात, त्या छावण्या इ. स. ९ मध्यें सुटल्या हें अनुमानही वारुसच्या पराभवावरूनच केलेलें. तेव्हां पुराव्याची माळ आपलीच शेपूट धरते कीं काय, अशी शंका रास्त आहे. टेकडीच्या पायथ्याशीं निघालेला मातीचा बांध प्रथम जर्मनांनीं दबा धरण्यासाठीं घातला असें मानलें गेलें. पुढें तो रोमन छावणीचा तट असावा असेंही मत मांडण्यांत आलें, व त्यासाठीं नवीन खोदकाम झालें. २०१८ सालीं पट्ट्यांच्या रोमन चिलखताचा बहुतेक संपूर्ण नमुना मातीच्या ढिगासकट उचलण्यांत आला. क्ष-किरणांनीं तपासून तो काय आहे हें कळलें. त्यासोबत मान व हात अडकविण्याची लोखंडी बेडीही होती. तो शिपाई जिवंत पकडला गेला होता असें यावरून वाटतें. परंतु कोणत्या सालीं, हें बेडी सांगत नाहीं.

२०२२ सालीं या वादांत नव्या प्रकारचा पुरावा पुढें आला. पलटणीचे लोहार-कासार सामान दुरुस्त करतांना जुनी धातु पुन्हां वितळवून वापरीत. त्यामुळें प्रत्येक पलटणीच्या कांशांत सूक्ष्म अंशानें असणाऱ्या मूलद्रव्यांचें प्रमाण कालांतरानें तिचें स्वतःचें बनतें. बोखुम येथील खाणसंग्रहालयाच्या संशोधकांनीं कल्क्रीझच्या वस्तूंची तुलना निरनिराळ्या पलटणींच्या ठाण्यांतील वस्तूंशीं केली, व त्या डांगश्टेटन येथील वस्तूंशीं जुळल्या. डांगश्टेटनला १९ वी पलटण होती, हें तेथें सांपडलेल्या लेखांकित पट्टीवरून ठाऊक आहे. आणि १९ वी वारुसबरोबर बुडाली, ती जर्मानिकुसच्या वेळीं अस्तित्वांत नव्हती. हा पुरावा नाण्यांवर अवलंबून नाहीं, हें त्याचें मुख्य बळ. माझें मत विचाराल तर, वारुसच्या सैन्याचा निदान एक भाग कल्क्रीझच्या वाटेवर संपला, असें धरून चालण्यास आतां अडचण नाहीं. मात्र लढाई कित्येक दिवस व कित्येक कोस चालली होती. तेव्हां सर्व युद्धस्थळ हेंच, असें म्हणणें हें पुन्हां पुतळा उभारण्यासारखें होईल.

क्लनला १९९६ सालीं ब्रिटिश सरकारनें मानचिन्ह दिलें. तो २०१४ सालीं वारला. बारेनाउच्या वाड्यांतील ज्या नाण्यांवर मॉमसेननें आपलें मत रचलें, तीं मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या धामधुमींत नाहींशीं झालीं. तीं कोणत्या शेतांतून आलीं, याची तपशीलवार नोंद असती तर नाणीं गेल्यावरही पुरावा राहिला असता.

हें लिहीत असतां माझ्या समोर पत्र्याची एक डबी आहे. तींत गडावर जाणाऱ्या निरनिराळ्या मित्रांनीं दिलेल्या शिशाच्या चाळीसएक गोळ्या आहेत, आणि वर माझ्याच हस्ताक्षरांत 'गडावर सांपडल्या' एवढेंच लिहिलें आहे. कोणता गड, कोणती माची, तटाच्या आंत कीं बाहेर, एकत्र कीं विखुरलेल्या, कांहीं नाहीं. त्यांचें वजन आज मी करूं शकतों. इंग्रजी पायदळाच्या जुन्या बंदुकीची गोळी सुमारें ३१ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांस किंचित्‌ कमी भरते. फ्रेंच गोळी २४ ते २७ ग्रॅमच्या दरम्यान. एवढ्यावरून गोळी कोणत्या जातीच्या बंदुकीची असावी, याचा अंदाज बांधतां येईल. बंदूक कोणाच्या हातांत होती, हें स्थळावरूनच कळलें असतें, आणि तें मीं घालविलें.

ज्या वाचकांपाशीं अशा गोळ्या असतील व सांपडल्याची जागा आठवत असेल, त्यांनीं जागा, दिशा आणि प्रत्येक गोळीचें वजन ग्रॅममध्यें लिहून मंडळाकडे पाठवावें, अशी विनंति आहे. गोळीवरील पांढरी पुटें घांसूं नयेत. चेपलेली गोळी ठोकून सारखी करूं नये. नवीन शोधाची हौस असणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, संरक्षित किल्ल्यांवर परवानगीवांचून खोदणें १९५८ च्या कायद्यानें वर्ज्य आहे, आणि जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची चीज सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें लागतें. गोळीची किंमत बहुधा तेवढी होत नाहीं. जागेची नोंद मात्र कोणत्याही किंमतीला मागाहून मिळत नाहीं. माझ्या डबींतील गोळ्यांची वजनें पुढील अंकीं देईन.